मणियारणीचा दावा

दूध बाजारातून आत वळणाऱ्या एका बोळात खलील मणियारचं बांगड्यांचं दुकान होतं. पाटी खलीलच्या नावाची, पण बायका ओळखायच्या ते शकीलामावशीचं दुकान म्हणून. खलील माल आणायचा, काचेच्या कपाटात रंगवार लावायचा, गिऱ्हाइकासोबत आलेल्या कंटाळलेल्या नवऱ्यांशी क्रिकेटच्या गप्पा मारायचा. बांगड्या भरायची ती शकीला.

तिची एक पद्धत होती. समोरचीचा हात आधी ती नुसता धरून ठेवायची. मग विचारायची, "धाकटी कितवीला गेली? सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन झालं का?" बाई बोलायला लागली की तिचा हात आपोआप सैल पडायचा. तेवढ्यात शकीला अंगठ्याचं बूड आत दाबून बांगडी अशी उतरवायची, की बाई आपल्या मनगटाकडे बघून म्हणायची, "अगंबाई, झाली पण?"

लग्नसराईत तर तिला घरी बसायला सवड नसायची. पंचवटीतून बोलावणं यायचं, गंगापूर रोडवरून यायचं. पिंपळगाव बसवंतचे द्राक्षवाले जीप पाठवायचे. नवरीचा हिरवा चुडा शकीलामावशीनेच भरायचा, असं कितीतरी घरांत ठरूनच गेलं होतं. आईला भरला तिनेच, मुलीलाही तीच भरणार. त्या घरांमधली भांडणं, बाळंतपणं, रुसवेफुगवे सगळं तिला ठाऊक असायचं आणि एका घरातलं दुसऱ्या घरात ती कधी नेत नसे.

सत्त्याण्णव सालच्या मे महिन्यात ती गोदातीर वसाहतीत एका लग्नघरी गेली होती. ही वसाहत एका गृहवसाहत मंडळाने शहराच्या पश्चिमेला वसवलेली. मुलीची आई मीनाताई, हिलाही चुडा शकीलानेच भरलेला. नवरी झाली, करवल्या झाल्या, काकू-आत्या झाल्या. निघताना मीनाताई म्हणाली, "मावशी, थांबा, ह्यांना स्कूटर काढायला सांगते."

"कशाला गं त्यांना त्रास? लग्नाचं घर आहे तुमचं. बसस्टॉप तर इथंच आहे."

दिवेलागणीची वेळ, आणि नेमके लाइट गेलेले. रस्त्यावरून टेम्पो आणि मोटारसायकली सुसाट जात होत्या, म्हणून ती फुटपाथवर चढली. फुटपाथ म्हणजे खाली पावसाळी पाण्याचं गटार आणि वर सिमेंटचे ढापे. त्यातला एक ढापा मधोमध तुटून आत झुकला होता. वसाहतीतल्या माणसांना तो ठाऊक होता, तिथे आल्यावर त्यांचे पाय आपसूक वळसा घ्यायचे. शकीलाच्या पायांना काय माहीत?

डावा पाय मांडीपर्यंत आत गेला. सावरायला तिने उजवा हात टेकला आणि सगळं अंग त्या एका मनगटावर आलं. आतून काहीतरी कडकन वाजलं. बांगड्यांच्या पेट्यांची पिशवी गटाराच्या कडेवर आदळली ती वेगळीच.

पहिल्यांदा धावत आला तो धोंडीराम. मूळचा नांदगावकडचा, गेली कित्येक वर्षं त्या फुटपाथवरच कडुनिंबाखाली टेबल टाकून इस्त्री करायचा. त्याने दोघा जणांना हाका मारल्या, तिला काखेत हात घालून वर काढलं, आपल्या स्टुलावर बसवलं. तिच्या हाताकडे बघितलं आणि घडी घालून ठेवलेल्या कपड्यांतला कुणाचातरी पांढराशुभ्र दुपट्टा उचलून हात गळ्यात बांधून दिला.

"अहो भाऊ, गिऱ्हाइकाचा आहे ना तो?" तशातही शकीला म्हणाली.

"त्याचं मी बघतो, भाभी. तुम्ही हात हलवू नका." मग त्यानेच रिक्षा थांबवली.

मनगटाचं हाड नुसतं मोडलं नव्हतं, त्याचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं तेव्हाच सांगितलं होतं, की हात पूर्वीसारखा होईल अशी आशा धरू नका. शकीलाने ते ऐकलं आणि सोडून दिलं. प्लास्टर निघाल्यावर शेजारची एक मुलगी हौसेने समोर येऊन बसली. शकीलाने तिचा हात धरला, विचारपूस केली, बांगडी चढवली आणि नेमक्या क्षणी तिच्या बोटांत जोरच आला नाही. बांगडी मुलीच्या पेरावर अडकली आणि तिथेच तिचे दोन तुकडे झाले. मुलीला थोडं खरचटलं. शकीला हसली, म्हणाली, "उद्या ये हं, आज माझ्या हाताचा मूड नाही." मुलगी गेल्यावर मात्र ती कपाटाकडे तोंड करून बराच वेळ आधीच लावलेल्या बांगड्या पुन्हा लावत बसली.

त्या पावसाळ्यात तृप्ती दुकानात आली. तिला सातवा महिना होता, डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या. तृप्ती परकर-पोलक्यात होती तेव्हापासून शकीला तिला ओळखत होती. आता ती जिल्हा कोर्टात वकिली करायची. शकीलाने हात पुढे केलाच नाही. खलीलला म्हणाली, "तुम्ही भरा."

खलीलने भरल्या, पण अंगठ्याशी तृप्ती कळवळली. तिने शकीलाकडे बघितलं, मग तिच्या मनगटाकडे बघितलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मावशी, भरपाईचा दावा लावता येतो."

"कुणावर?"

"ज्यांचा फुटपाथ आहे त्यांच्यावर. तो नीट ठेवणं त्यांचं काम आहे."

खलील मान हलवत म्हणाला, "जाने दे बेटा. दगडावर डोकं आपटून दगडाला काय होतं? नशिबात होतं, झालं."

शकीलालाही तेच वाटत होतं. नशिबाशी भांडायला ती काही कोर्टात जाणार नव्हती.

पण दुपट्टा राहिला होता. तो धुऊन, नीट घडी घालून ती एका सकाळी गोदातीरला गेली. धोंडीरामने दुपट्टा घेतला, चहा मागवला. चहा पिता पिता तिची नजर गेली, तर ढापा तसाच होता. फरक इतकाच, की त्या भोकात कुणीतरी बाभळीची फांदी खोचून ठेवली होती.

"ही मीच लावली," धोंडीराम म्हणाला. "तुमच्यानंतर एक म्हातारबाबा पडले ना. दूध आणायला निघाले व्हते. खुब्याचं हाड गेलं. लय चांगला माणूस. आता खाटेवरच हाय."

"मंडळाला कुणी सांगितलं नाही?"

"सांगितलं की. त्यांचा माणूस आला, बघून गेला. फांदी चांगली लावली म्हणाला."

शकीलाने चहाचा ग्लास खाली ठेवला. स्वतःचं झालं ते तिने पदरात घेतलं होतं. पण त्या म्हाताऱ्याच्या पडण्याला नशीब म्हणायला तिची जीभ वळेना. ढापा तिच्या वेळी तुटलेला होता, तिने पडून दाखवला होता, आणि तरीही तो तसाच होता. त्याच दुपारी ती तृप्तीच्या घरी गेली.

दावा दाखल झाला. आधी नोटीस गेली, तिला मंडळाचं उत्तर आलं, की रस्ते आणि फुटपाथ आम्ही केव्हाच पालिकेकडे सोपवलेत. पालिकेने कळवलं, की असं काहीही आमच्या ताब्यात आलेलं नाही. तृप्ती कागद वाचून हसली. "मावशी, तुमचा पाय नक्की कुणाच्या गटारात गेला, आधी हेच ठरवावं लागणार. धीर धरा." शेवटी कोर्टाने गटार मंडळाचंच ठरवलं, पण तोवर तृप्तीचं बाळ चालायला लागलं होतं.

तारखा पडत गेल्या. खलीलचा या दाव्यावर काडीचा विश्वास नव्हता, पण एकही तारीख त्याने चुकवली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी तो डबा भरायचा, शकीलाला घेऊन कोर्टात यायचा आणि आवारातल्या झाडाखाली रुमाल अंथरून बसायचा. पुढची तारीख मिळाली की म्हणायचा, "चला, जेवून घेऊ. एवढं तरी काम होईल."

याच दिवसांत दुकानात एक नवीन रीत पडली. कुणी आखली नव्हती, होत होत झाली. गिऱ्हाईक आलं की शकीला डाव्या हातात तिचा हात घ्यायची आणि गप्पा सुरू करायची. खलील बाजूला बांगडी घेऊन बसायचा. हात सैल पडला की शकीला नुसती त्याच्याकडे बघायची आणि खलील बांगडी सरकवायचा. सुरुवातीला त्याची घाई व्हायची. मग त्याला ती नजर कळायला लागली. बायका परत यायला लागल्या. पण घरोघरी जाऊन चुडा भरणं संपलं ते संपलंच. लग्नघरात बायकांच्या घोळक्यात पुरुषाला कसं न्यायचं? एप्रिल-मे उजाडला की शकीला उगाच चिडचिडी व्हायची. वाजंत्री ऐकू आली की दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहायची.

साक्षीची वेळ आली तेव्हा तृप्ती म्हणाली, "पडताना बघणारा माणूस हवा. तो इस्त्रीवाला हवा."

शकीला स्वतः गेली. धोंडीरामने सगळं ऐकून घेतलं. इस्त्रीतले निखारे हलवले, उगाच एक शर्ट दोनदा उलटा केला.

"भाभी, एक सांगू का? मी तिथं उभा हाय म्हणून मला दिसलं. आन् मी तिथं उभा हाय, हेच तर मला कोर्टात सांगता येत नाय. हे टेबल फुटपाथवर हाय. मंडळाच्या लोकांना सण-वाराला चहापाणी देतो, म्हणून चालतंय. उद्या मी त्यांच्याच विरोधात बोललो तर?"

शकीलाला हे सुचलंच नव्हतं. ती म्हणाली, "नका येऊ, भाऊ. मी राग नाही मानणार."

"मला लाज वाटते."

"लाज कसली? पोटावर पाय कोण देतं?"

तृप्तीला हे पटलं नाही. "मावशी, मी समन्स काढते. यावंच लागेल त्याला."

"नको."

"अहो, त्याच्याशिवाय आपल्याकडे काय आहे?"

"ज्याने मला वर काढलं, त्याला मी खाली ओढू? नको बेटा. जेवढं आहे तेवढ्यावर लढू."

मग शकीलाची साक्ष झाली. ती पिंजऱ्यात उभी राहिली, तशी न्यायाधीशांनी तिला खुर्ची द्यायला सांगितली आणि तिला बरं वाटलं. मंडळाचे वकील वयस्क होते, आवाज गोड होता.

"बाई, अंधार होता, बरोबर?"

"हो साहेब. लाइट गेले होते."

"अंधारात फुटपाथवर काय असेल सांगता येत नाही. मग तुम्ही रस्त्यावरून का नाही गेलात?"

शकीलाला प्रश्नच कळला नाही. तिने तृप्तीकडे बघितलं, मग न्यायाधीशांकडे. "साहेब, रस्त्याने गाड्या जात होत्या. माणसांनी चालायला फुटपाथ केलाय ना?"

मागे कुणीतरी हसलं. वकिलांनी पान उलटलं.

"बरं. तुमच्या पिशवीतल्या मालाचं काय झालं?"

"सगळ्या बांगड्या वाढल्या, साहेब."

"वाढल्या? म्हणजे पडल्यामुळे तुमचा माल जास्त झाला?"

त्यांना कळलं नव्हतं असं नाही. टायपिस्टची बोटं मात्र थांबली. न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बांगडी फुटली असं बायका म्हणत नाहीत. तुमच्याही घरी म्हणत नसतील. पुढे चला."

पण पुढचा घाव वर्मी बसला. वकील शांतपणे म्हणाले, "माझं म्हणणं असं आहे, की तुम्ही फुटपाथवर पडलाच नाहीत. तुम्ही चालत्या बसमधून उतरताना पडलात, आणि नंतर कुणीतरी तुम्हाला हा दावा सुचवला."

खोटं बोलतेस, असं शकीलाला आजवर कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. कशीबशी "नाही साहेब" म्हणाली आणि खाली उतरली. त्या दिवशी झाडाखाली बसून ती जेवली नाही. खलीलने डबा उघडला तसाच बंद केला.

खलील फार बोलणारा माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी तो एकटाच गोदातीरला गेला. आपण साक्षीचं विचारायला गेलो नव्हतो, असं तो पुढे शपथेवर सांगायचा. त्याला फक्त ती जागा बघायची होती. धोंडीरामने विचारलं, "काय झालं कोर्टात?" आणि खलीलने सांगितलं.

धोंडीरामने हातातली इस्त्री बाजूला ठेवली. "बसमधून? बसमधून पडल्या म्हनला तो?"

"हां."

"मग मी ज्यांना वर काढलं त्या कोन व्हत्या?" त्याचा आवाज इतका चढला की समोरचा वाणी बाहेर आला. "आरं, माझ्या डोळ्यादेखत बाई पडली. रगात माझ्या हाताला लागलं. मी काय तवा झोपलो व्हतो?"

पुढच्या तारखेला धोंडीराम आला. स्वतःचा शर्ट त्याने अशी इस्त्री करून घातला होता, की बाह्यांची धार बोटाला लागावी. शकीला त्याला बघून उठलीच. "भाऊ, तुम्ही कशाला आलात? जा परत."

"तुमच्यासाठी नाय आलो, भाभी. त्या वकिलासाठी आलो."

त्याने बघितलं ते सगळं सांगितलं. ढापा कधीपासून तुटलेला होता, मंडळाचा माणूस कधी येऊन गेला, फांदी कुणी लावली. मंडळाचे वकील उठले आणि त्यांनी अपेक्षित तोच प्रश्न विचारला.

"तुमचं टेबल नेमकं कुठे असतं?"

"फुटपाथवर."

"परवानगी आहे?"

"नाय."

"म्हणजे तुम्ही स्वतःच बेकायदेशीर अतिक्रमण आहात."

"व्हय साहेब," धोंडीराम म्हणाला. "मी अतिक्रमण हाय. पण माझ्या टेबलाखालचा ढापा शाबूत हाय. तुमचा मोडलाय."

आठवडाही गेला नसेल, मंडळाची गाडी आली. टेबल, स्टूल, कोळशाचं पोतं, ताडपत्री, सगळं गाडीत गेलं. इस्त्री तेवढी धोंडीरामने छातीशी धरून वाचवली. शकीलाला कळलं ते मीनाताईच्या फोनवरून. ती तशीच निघाली. कडुनिंबाखाली ताडपत्रीचे दोर लोंबत होते. बाकी जागा रिकामी. ढापा होता तसाच होता.

घरी येऊन ती खलीलला म्हणाली, "दावा मागे घ्यायचा."

आजवर दाव्याला दगड म्हणणारा खलील म्हणाला, "आता मागे घेतलास तर त्याचं टेबल परत येणार आहे का? उगाच त्याचं जाणंही फुकट घालवू नकोस."

हे शकीलाला पटलं, पण मनाला चैन पडेना. आपल्यासाठी एका माणसाची रोजी गेली, ही गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती. मग तिने ठरवलं. हात गेला होता, पाय आणि तोंड शाबूत होतं. त्या वसाहतीत किती घरांमध्ये तिने चुडे भरले होते! ती पुन्हा घरोघर फिरली. पिशवी न घेता फिरण्याची ही पहिलीच वेळ. पहिल्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीने दारातूनच नाही म्हटलं. दुसरीकडे म्हणाले, कोळशाचा धूर होतो. काही घरांतल्या बायका हळहळल्या, सरबत दिलं, पण यजमानांना विचारून सांगते म्हणाल्या आणि सांगितलं नाही. शकीलाला वाईट वाटलं. ज्या हातांना आपण इतकं ओळखतो असं तिला वाटायचं, त्यांच्या घरात त्या हातांचं किती चालतं, हे तिला आत्ता कळत होतं.

शेवटी ती मीनाताईकडे गेली. मीनाताईच्या बिल्डिंगखाली पार्किंगमध्ये पाण्याच्या पंपाशेजारी एक कोपरा रिकामा होता. मीनाताईने सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. पुरुष म्हणाले, नियमात बसत नाही. मीनाताई म्हणाली, "मग उद्यापासून आपापल्या कपड्यांना आपणच इस्त्री करा. मी तर घरातल्या इस्त्रीचा प्लगच काढून ठेवणार आहे." बाकीच्या बायकांनीही मान डोलावली. महिन्याभरात धोंडीराम त्या कोपऱ्यात उभा होता, आणि पावसात कपडे भिजत नाहीत म्हणून गिऱ्हाइकं पूर्वीपेक्षा खूश होती.

त्याने शकीलाला एकदाच म्हटलं, "भाभी, इथं झाड नाय. दुपारी जरा कोंदट वाटतं." तक्रार म्हणून नव्हे, सहज म्हणाला. शकीलाला ते बरेच दिवस बोचत राहिलं.

निकाल लागला तेव्हा दोन हजार तीन साल उजाडलं होतं. कोर्टाने मंडळाला जबाबदार धरलं. बाईंनीही अंधारात जरा बघून चालायला हवं होतं, असं म्हणून मागितलेल्या रकमेतला काही भाग कापला. तृप्ती संतापली, वर अपील करू म्हणाली. शकीला म्हणाली, "बस झालं बेटा. धोंडीरामभाऊ आणि मी खरं बोललो, एवढं लिहिलंय ना त्यात?"

"लिहिलंय."

"मग पुरे."

पण मंडळ पैसे देईना. पत्रं गेली, उत्तरं आली नाहीत. शेवटी कोर्टाने जप्तीचा हुकूम काढला आणि एका सकाळी शकीला, खलील आणि तृप्ती कोर्टाच्या बेलिफाबरोबर मंडळाच्या कचेरीत जाऊन उभे राहिले. बेलीफ सावळीराम हा गंभीर चेहऱ्याचा, जाड मिशांचा माणूस. त्याने हुकूम वाचून दाखवला आणि सोबतच्या हमालांना म्हणाला, "घ्या रे. आधी खुर्च्या."

कचेरीत एकच धांदल उडाली. टेबलं रिकामी व्हायला लागली. एक क्लार्क खुर्चीला घट्ट धरून बसला, म्हणाला, "अहो, माझी कंबर धरलीय, निदान ही तरी ठेवा." सावळीराम म्हणाला, "उठा साहेब, सही करतो आणि नेतो." खुर्च्या एकामागून एक बाहेरच्या व्हरांड्यात आल्या. सगळ्यात शेवटी साहेबांची आली, उंच पाठीची, चाकांची, पाठीवर पांढरा टॉवेल टाकलेली.

ती ठेवली तिथेच शकीला उभी होती. सकाळपासून उभं राहून तिचा डावा पाय ठणकत होता. तिने खुर्चीकडे बघितलं, सावळीरामकडे बघितलं.

"बसा की," सावळीराम म्हणाला. "आता ती कोर्टाची आहे."

शकीला बसली. खुर्ची जराशी फिरली आणि तिने दचकून खुर्चीचे हात धरले, मग हसली. खलीलने क्लार्कची खुर्ची ओढली. समोरच्या टपरीवरून चहा आला. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायला लागले.

साहेब आतून बाहेर आले. ते नव्यानेच बदलून आले होते, तरुण होते, त्यांना या दाव्याचं काहीच ठाऊक नव्हतं. बसायला काही नव्हतं म्हणून ते व्हरांड्याच्या कठड्याला टेकून उभे राहिले. तृप्तीला काही विचारायच्या ऐवजी त्यांनी शकीलालाच विचारलं, "मावशी, नेमकं काय झालं होतं?"

शकीलाने सांगितलं. इतक्या वर्षांत किती वेळा सांगितलं असेल, पण समोरचा माणूस खोडून काढायच्या तयारीत नाही, असं पहिल्यांदाच होत होतं. त्यामुळे गोष्ट लवकर संपली.

साहेबांनी व्हरांड्यातल्या खुर्च्यांकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलं आमचं. खरंच चुकलं."

हे ऐकायला मिळालं तर आपण काय काय सुनावू, याची शकीलाने रात्री कितीदा उजळणी केली होती. आता त्यातलं एकही वाक्य आठवेना. तिने तोंडाला लावलेला चहाचा कप तसाच धरला. "तुम्ही कुठे होतात तेव्हा, साहेब," ती म्हणाली. "तुम्ही कॉलेजात असाल."

"खुर्ची तीच आहे ना," साहेब म्हणाले आणि आत जाऊन फोन लावायला लागले.

दुपारपर्यंत चेक आला. तृप्तीने तो उलटसुलट करून बघितला, सावळीरामने पावती केली, खुर्च्या आत गेल्या. कंबर धरलेल्या क्लार्कने जाता जाता खलीलला हात जोडले. गोदातीरच्या फुटपाथचे ढापे त्याच पावसाळ्याआधी बदलले गेले, आणि ते काम या दाव्यामुळे झालं की नव्या साहेबांमुळे, यावर वसाहतीत दोन मतं होती.

रकमेतून दुकानावर नवीन छत चढलं. थोडी रक्कम शकीलाने पाकिटात घातली आणि धोंडीरामकडे गेली. पार्किंगमध्ये पंप घरघरत होता. धोंडीरामने पाकीट बघितलं आणि हात मागे घेतले.

"हे नाय घ्यायचं. साक्ष विकली असं व्हईल."

"टेबल गेलं होतं ना तुमचं."

"दुसरं आलं की."

शकीलाने आजूबाजूला बघितलं. भिंतीला ओल होती, हवा खरंच कोंदट होती. "बरं, मग एक पंखा घेते," ती म्हणाली. "पंख्याला तर साक्ष म्हणता येणार नाही?"

धोंडीरामने जरा विचार केला. "भिंतीवरचा घ्या," तो म्हणाला. "टेबलावरचा कपडे उडवतो. आन् बसा, भाभी. एवढा शर्ट व्हऊ द्या, मग चहा सांगतो."